घड्यांची भिंत

१

उन्हाळ्यात आमचा दिवस ताडपत्र्यांपासून सुरू होतो. चौघांनी चार टोकं धरायची, वर साचलेलं दव खड्ड्यात सांडू न देता ताडपत्री एका दमात उचलायची आणि घडी घालून बांधावर ठेवायची. मग कॉफी. मग सूर्य डोक्यावर येईपर्यंत गुडघ्यांवर बसून माती खरवडायची. मी हे काम इतकी वर्षं करतेय की गुडघ्यांना घट्टे पडलेत. माझी धाकटी बहीण बिल्याना म्हणते, "रायनाताई, अख्ख्या बल्गेरियात चर्चमध्ये सगळ्यात जास्त गुडघे टेकणारी बाई तूच, आणि तेही प्रार्थना न करता!"

त्या जुलैत आम्ही स्तारो लोझे गावाच्या वरच्या टेकडीवर होतो. खाली नजर पोचेल तिथवर सूर्यफुलं, पलीकडे प्रेस्लावच्या बाजूचे डोंगर, आणि मधून लाल-पांढऱ्या खुंट्यांची एक रांग. तिथून महामार्ग जाणार होता. खुंट्या थेट आमच्या खड्ड्यातून आरपार गेल्या होत्या. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं होतं, एखाद्या जुन्या गोठ्याचा पाया असेल, आठवड्याभरात उरकेल. निघालं हजार वर्षांपूर्वीचं चर्च! मग त्याला लागून भिक्षूंच्या खोल्या निघाल्या, मग फरसबंद अंगण, मग विहीर. रोज काहीतरी नवीन. रात्री अंथरुणावर पडलं तरी सकाळ कधी होते असं व्हायचं.

शुक्रवारी सोफियाहून समिती यायची होती. रस्ता वळवायचा की चर्चवरून डांबर न्यायचं, हे तिच्या हातात. आमच्या उत्खननाचे प्रमुख दोयचेव सर, एवढं मोठं पोट आणि त्याहून मोठी गवती टोपी, रोज सकाळी खड्ड्याच्या काठावर उभे राहून गर्जना करायचे, "मुलांनो, असं काहीतरी काढा की त्या सोफियाच्या साहेबांची वाचाच बसली पाहिजे!"

सोमवारी मी चर्चच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी बसले होते. त्या भिंतीपलीकडे एक लहानशी खोली असणार, हे आराखड्यावरून कळत होतं; पण तिचं दार कधीकाळी दगडांनी चिणून टाकलेलं होतं. मी भिंतीवरची माती ब्रशनं झाडत होते. गिलाव्याचा लालसर तुकडा दिसला, त्यावर निळी रेघ. चित्र! मी श्वास रोखून ब्रश हलका केला. तेव्हा लक्षात आलं, कोपऱ्यापलीकडे आणखी कुणीतरी ब्रश चालवतंय. खस्स... खस्स... जरा जास्तच जोरात.

"एवतीम, हळू रे बाबा! गिलावा निघेल," मी म्हटलं.

"ताई, मी इकडे आहे," उत्तर वरून आलं.

एवतीम बिल्यानाचा नवरा, आमचा वास्तुविशारद. नकाशे, आराखडे सगळे त्याच्याकडे. तो बांधावर पाय सोडून पीच खात बसला होता. हनुवटीवरून रस गळत होता. कोपऱ्यापलीकडे कुणी नव्हतं. असायला कोपऱ्यापलीकडे जागाच नव्हती. तिथे ती चिणलेली खोली होती.

२

घडे सापडले ते सालिहला. सालिह शेजारच्या गावचा, आमच्या मजुरांचा मुकादम, तोंडाचा फटकळ. मंगळवारी त्याच्या थापीखाली भिंतीतच मातीच्या भांड्याची गोल कड निघाली.

"साहेब, तुमच्या भिक्षूंनी भिंतीत लोणचं घातलंय!" तो ओरडला.

दोयचेव सर धावत आले. धावताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एक घडा पाहिला, मग शेजारी बोटानं माती उकरली, दुसरा पाहिला, मग तिसरा. आडवे बसवलेले, तोंडं चर्चच्या दालनाकडे, एका ओळीत. सरांनी टोपी हवेत उडवली आणि सालिहच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"नादघडे! अरे, नादघडे आहेत हे! गाणाऱ्यांचा आवाज घुमावा म्हणून भिंतीत बसवलेले! अशी अख्खी ओळ जागच्या जागी कुणी पाहिलीय? रायना, सांग, कुणी पाहिलीय?"

"कुणीच नाही, सर!" मीही ओरडतच होते.

त्या दुपारी आक्रोडाच्या झाडाखाली जेवण म्हणजे लग्नाची पंगत झाली. आमचा स्वयंपाक करणाऱ्या त्सोंकाबाईंनी दही-काकडीचं गार ताराटोर केलं होतं, चीज घातलेला पापुद्र्यांचा गरम बानित्सा होता, आणि सरांनी गाडीतून राकियाची, आमच्याकडच्या फळांच्या कडक दारूची, बाटली काढली. सालिहनं राकियाला हात जोडले आणि कलिंगडाचा अर्धा भाग एकट्यानं संपवला.

आणि मला माझ्या ब्रशच्या आवाजाचं उत्तरही मिळालं. घडे! माझ्याच ब्रशचा आवाज ते घडे पकडून परत फेकत होते. मी स्वतःवरच हसले.

एक गोष्ट तेवढी खटकत होती. सगळ्या घड्यांची तोंडं चुन्यानं बुजवलेली होती. आवाज घुमवायला एवढ्या मेहनतीनं घडे बसवायचे आणि मग त्यांची तोंडंच बंद करायची?

"नंतरच्या लोकांनी डागडुजी केली असेल," सर म्हणाले. "उंदीर घरटी करत असतील. थंडी येत असेल. माणसं भोकं बुजवतात, त्यात काय एवढं!"

दुपारनंतर आम्ही मधल्या घड्याचं तोंड मोकळं केलं. चुन्याचा थर अलगद एका तुकड्यात निघाला. एवतीमनं आत तोंड घालून "ओऽऽ" केलं. भिंत घुमली. हजार वर्षांनी! आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्याही घुमल्या.

आमच्या टाळ्या थांबल्यावर थोड्या वेळानं घुमणं थांबलं. जरा उशिरानंच, असं मला वाटलं.

३

बुधवारी जेवायला बसल्यावर माझ्या लक्षात आलं की चष्मा खड्ड्यातच राहिलाय. मी परत गेले. ऊन असं की सावलीसुद्धा पायाखाली दडलेली. टेकडीवर एक माणूस नव्हता. सगळे आक्रोडाखाली होते, त्यांचं हसणं मला तिथवर ऐकू येत होतं.

चष्मा भिंतीशीच होता. मी वाकले.

खस्स... खस्स... खस्स.

मी जागच्या जागी थिजले. माझ्या हातात ब्रश नव्हता. कुणाच्याच नव्हता.

मी शहाणी बाई आहे; मी कारणं शोधायला लागले. वारा? पान हलत नव्हतं. पाल, साप, घूस? असेल. पण जनावर ओरबाडतं तेव्हा त्याला ताल नसतो. हे हळू होतं, एकाच दिशेनं होतं. तीन-चार फटकारे, मग थांबणं, मग बारीकशी फुंकर, मग पुन्हा फटकारे. हा ताल मला माझ्या नाडीसारखा ओळखीचा होता. नाजूक काही सापडलं की आम्ही असंच करतो. झाडायचं, थांबायचं, फुंकर मारायची, पाहायचं.

मी घड्याला कान लावला. आवाज जवळ आला, म्हणजे आतूनच येत होता. मग मी हलक्या हातानं, नखानं, घड्याच्या कडेवर टकटक केली.

आवाज थांबला.

इतका एकदम थांबला की मी मागेच सरले. काम करताना पाठीमागून कुणी आलं की आपण हात थांबवून कानोसा घेतो ना, अगदी तसा.

वर गेले तेव्हा एवतीमनं विचारलं, "काय ताई, चेहरा का असा पांढराफटक?"

"ऊन लागलं."

"बघ हं, राकिया घे म्हटलं होतं, घेतली नाहीस. हा सगळा पाण्याचा परिणाम!"

सगळे हसले. मीही हसले. आणि खरं सांगू? भीतीच्या तळाशी मला विलक्षण आनंद होत होता. त्या भिंतीपलीकडे काहीतरी आहे! जन्मभर आपण ज्याच्यासाठी खरवडतो ते काहीतरी!

४

त्याच दुपारी घड्याची लांबी मोजायची होती. एवतीमनं पट्टी आत सरकवली, पट्टी पुढे पुढेच गेली. त्यानं भुवया उंचावल्या, पट्टी बाहेर ठेवली, बाही वर केली आणि सरळ हात आत घातला. कोपरापर्यंत गेला, मग दंडापर्यंत, मग गाल भिंतीला टेकला.

"ताई, याला बूड नाही!" त्याचे डोळे लकाकत होते. "कुणीतरी मागून बूड काढून टाकलंय. पलीकडे हवा लागतेय हाताला. गार! खोली पोकळ आहे, मातीनं भरलेली नाही. सर! सर, खोली पोकळ आहे!"

"हात काढ आधी," मी म्हटलं. "साप असेल."

"थांब, थांब..." आणि तो खुदकन हसला. "अगं, गुदगुल्या होताहेत."

"कसल्या गुदगुल्या?"

"मुळं असतील लोंबणारी. बोटांवरून फिरताहेत. मऊ आहेत."

"एवतीम, हात काढ!"

माझा आवाज ऐकून त्यानं हात काढला. दंडापर्यंत धुळीनं माखलेला, चुन्याचे ओरखडे उठलेला हात. पण मनगटापासून पुढे तो स्वच्छ होता. नुसता पुसलेला म्हणत नाही मी. आमच्या धंद्यात जुलै महिन्यात कुणाची नखं स्वच्छ नसतात. साबणानं, ब्रशनं, कशानंही ती माती निघत नाही. हिवाळा आला की मगच निघते. एवतीमची पाचही नखं नुकत्याच न्हायलेल्या बाळासारखी गुलाबी होती.

सालिह डोकावून म्हणाला, "वा! माझीपण बोटं घालू का? बायको खूश होईल."

सगळे पुन्हा हसले. एवतीम स्वतःची बोटं उन्हात धरून पाहत राहिला, उलटसुलट, कौतुकानं.

५

गुरुवारी सकाळी कॉफी घेताना तो आपल्या फोनवर चडफडत होता. फोन बोटानं उघडायचा, उघडतच नव्हता.

"काय झालं?"

"ओळखतच नाही मला." त्यानं बोट माझ्यापुढे धरलं. "हे बघ गंमत."

मी चष्मा चढवला. बोटाच्या टोकावर रेषा नव्हत्या. पाचही बोटं गुळगुळीत, काचेच्या गोट्यांसारखी. जखम नाही, लाली नाही. त्या रेषा नेमक्या वरच्या वर कुणी अलगद झाडून टाकल्यासारख्या.

"चुना," दोयचेव सर म्हणाले. "गवंड्यांच्या बोटांचं असंच होतं. महिन्याभरात परत येतात."

बरोबर होतं. मला माहीत होतं की गवंड्यांचं असं होतं. पण त्याला वर्षं लागतात, आणि दोन्ही हातांना होतं. एवतीमचा डावा हात नेहमीसारखाच मळकट होता.

मी त्याला बाजूला घेतलं. "परत हात घातलास का आत?"

तो शाळेतल्या पोरासारखा ओशाळला. "सकाळी, तुम्ही यायच्या आधी. थोडासाच. ताई, रागावू नकोस, पण ते मुळांसारखं नाही. ते... फार जपून करतं. असं वाटतं की आपल्यात काहीतरी मोलाचं आहे आणि ते कुणाला तरी दिसलंय."

आम्ही मातीतून काय काढतो? वरची माती जाते, मग खालची, मग खालची. जोवर सापडत नाही तोवर आपण थांबत नाही. माती कुठे संपते आणि वस्तू कुठे सुरू होते, हे ठरवणारा आपणच असतो.

"बिल्यानाला सातवा महिना चालू आहे," मी म्हटलं. "तिला असला नवरा नकोय. आज तू त्या भिंतीजवळ जायचं नाहीस."

"आज?" तो हसला. "अगं, आजच तर सर दार उघडताहेत!"

६

चिणलेल्या दारातला मधला दगड सर्वांत सैल होता. सालिहनं पहार घातली, आणखी दोघांनी जोर लावला. दगड कुरकुरत बाहेर आला. आतून गार हवेचा झोत आला. वास कसलाच नव्हता. बंद खोलीला वास हवा. ओल, बुरशी, घुशीची घाण, काहीतरी. इथे काहीच नाही.

ऊन तिरपं आत शिरलं. आधी सर वाकले, मग मी.

खोली मातीनं भरलेली होती. एवतीम म्हणाला तशी ती अख्खी पोकळ नव्हती. पण त्या मातीत कुणीतरी खड्डा काढला होता. कडा सरळ, काटकोनात. भिंती सुरीनं कापल्यासारख्या गुळगुळीत, मातीचे थर एकावर एक स्पष्ट. आम्ही काढतो तसाच, छे, आमच्यापेक्षा देखणा! तळ लख्ख झाडलेला. आणि तळावर मातीचे छोटे छोटे ओटे राखलेले. सापडलेली वस्तू उचलायच्या आधी तिच्याखालची माती आम्ही तशीच ठेवतो ना, तसे. एकावर सरडा होता, म्हणजे सरड्याची हाडं. शेपटीच्या टोकापर्यंत एकही मणका न हललेली. एकावर चिचुंद्री. एकावर साळू की काय. एकावर कोल्ह्याचं पिलू, झोपल्यासारखं. सगळी हाडं ताजी, दुधासारखी पांढरी. आणि त्यापलीकडे एक लांबट ओटा, रिकामा.

"देवा रे," सर पुटपुटले. मग त्यांचा आवाज चढला. "देवा रे! लुटारू? पण आत यायला वाट कुठेय? रायना, वाट कुठेय?"

मी पाहत होते ते निराळंच. ऊन संपून अंधार सुरू होत होता, त्या कडेला काहीतरी होतं. वाकलेलं, आमच्याकडे पाठ केलेलं. माती असेल, मातीचा ढीग असेल, मी स्वतःला सांगत होते. मग तो ढीग जरासा बाजूला सरकला. घाईनं नाही. खड्ड्यात आणखी कुणी उतरतंय असं दिसलं की आपण कूस बदलून जागा करून देतो, तेवढाच.

मी मागे झाले, ओरडायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात एवतीम माझ्या काखेखालून शिरला. निळ्या चौकड्यांचा शर्ट, पाठीमागच्या खिशात ब्रश.

"भरपूर जागा आहे!" त्याचा आवाज आतून आला, आनंदानं फुटलेला. "सर, भरपूर जागा..."

त्याचे बूट आत गेले.

मग काहीच नाही. मी त्याला हाक मारली. सरांनी मारली. सालिह कानाला हात लावून उभा होता. आणि आम्हा तिघांनाही एकदमच ऐकू आलं. खस्स, खस्स. खस्स, खस्स. दोन ब्रश, एकाच लयीत.

७

मी पोटावर पालथी झाले आणि दंडापर्यंत हात आत घातला. डोळ्यांत चुन्याची धूळ गेली होती, काही दिसत नव्हतं.

"एवतीम! बिल्यानाची शपथ आहे तुला, हात दे! हात दे, माझ्या भावा!"

एक ब्रश थांबला.

मग गार, गुळगुळीत बोटांनी माझं मनगट धरलं. मी किंचाळले, "ओढा!" सालिहनं माझे पाय धरले, सरांनी कंबर. आम्ही ओढलं, आणि तो आला. खांदे आले, डोकं आलं, आणि तो बाहेर मातीवर पडला. पिठात घोळल्यासारखा पांढरा, अंगात नुसता बनियन, आणि हसत होता.

सालिह त्याच्या गळ्यात पडून रडायलाच लागला. "गाढवा! बायको पोटुशी आहे ना तुझी, गाढवा!"

"शर्ट अडकला," एवतीम धापा टाकत म्हणाला. "आतच सोडला." मग तो उठून बसला. त्यानं आकाशाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. सूर्यफुलांकडे पाहिलं. "सर, दगड बसवा परत. वरची माती सैल आहे, कधीही बसेल. आधार दिल्याशिवाय कुणी आत जायचं नाही."

सकाळपासून दार उघडा म्हणून नाचणारा तोच. पण बोलणं रास्त होतं, आणि वास्तुविशारदही तोच. सरांनी दाराकडे हात केला. "बसवा, बसवा!" ते म्हणाले.

सालिह आणि दुसरे गडी दगड सरकवायला लागले. मी पाण्यानं डोळे धुतले होते, बाजूलाच उभी होते. फट हातभर होती, मग वीतभर. ऊन एका पट्ट्यात आत पडलं होतं.

त्या पट्ट्यात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. जमिनीवर पडलेला नव्हता, कुठे अडकलेलाही नव्हता. पाठीवर ताणलेला होता. पाठ वाकलेली होती, खांदे हलत होते, पाठीमागचा खिसा रिकामा होता.

"थांबा!" मी ओरडले. "थांबा, आत..."

दगड जाग्यावर बसला.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"मला काहीतरी दिसलं. उघडा. सर, उघडा ते!"

सरांनी माझे दोन्ही हात धरले. "रायना, पोरी, एवतीम हा बघ, तुझ्यासमोर बसलाय. धडधाकट आहे. बघ त्याच्याकडे."

मी पाहिलं. तो त्सोंकाबाईंनी आणलेलं दही पीत होता. मिशांना दही लागलं होतं. तीच दाट भुवई, तोच पुढचा किंचित तिरका दात. त्यानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि हसला.

मी धावत घड्याशी गेले, आत तोंड घालून त्याचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. आत ब्रश चालूच होता. थांबला नाही. नाव ऐकूनसुद्धा थांबला नाही.

८

समितीची खरोखर वाचा बसली. एक म्हातारे सदस्य घड्यांच्या ओळीसमोर उभे राहून डोळे पुसत होते. वर्तमानपत्रांत चित्रं आली, खुंट्या उपटल्या गेल्या, रस्ता टेकडीला वळसा घालून जायचं ठरलं. दोयचेव सर गावभर मिठ्या मारत फिरले. आम्ही जिंकलो होतो!

दक्षिणेकडची खोली बंदच राहिली. आत उतरणं धोक्याचं आहे असा अहवाल एवतीमनं दिला. पुढच्या हंगामात आधाराचे लोखंडी खांब लावून मग पाहू, असं ठरलं. मी दोयचेव सरांच्या घरी जाऊन भांडले, रडले. त्यांनी मला चहा दिला, शेवटी डॉक्टरचा पत्ता दिला. सालिहकडे गेले. त्यानं ऐकून घेतलं आणि मान खाली घालून म्हणाला, "बाई, तो परत आला ना? मग आता काही मागू नका." घड्याचं तोंड त्याच आठवड्यात एवतीमनं चुन्यानं बुजवलं होतं. धूळ जाते म्हणे आत.

सप्टेंबरात बिल्यानाला मुलगी झाली. एवतीम तिला इतकं जपतो की शेजारच्या बायका आपल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण देतात. सिगारेट सुटली. पहाटे उठतो. "इतका शांत झालाय गं," बिल्याना मला म्हणाली, "की कधी कधी मीच त्याला मुद्दाम चिडवते. चिडतच नाही."

नामकरणाला आम्ही सगळे गावच्या चर्चमध्ये जमलो होतो. प्रार्थना म्हणताना पाद्रीबाबा एका ओळीपाशी अडखळले, आणि एवतीमनं पुढची ओळ सांगितली. जुन्या भाषेत, गाऊन. एवतीमनं! जन्मात कधी मेणबत्ती न लावणाऱ्या माणसानं! सगळे हसले, पाद्रीबाबांनी त्याची पाठ थोपटली.

नंतर अंगणात टेबलं मांडली होती. ऊन छान पडलं होतं, कुणीतरी गाडीतला रेडिओ लावला होता, बायका फेर धरून नाचायला लागल्या होत्या. मी बाळाला मांडीवर घेऊन भिंतीशी बसले होते. एवतीम माझ्याशेजारी येऊन बसला. त्या दिवसानंतर आम्ही दोघं एकटे असे पहिल्यांदाच बसलो होतो. त्यानं बाळाच्या कपाळावरची बट बाजूला केली.

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी तू दगड थांबवायला सांगत होतीस."

"हो."

"सर सांगत होते, तुला काहीतरी दिसलं म्हणून."

"ऊन होतं," मी म्हटलं. "डोळ्यांत चुना गेला होता. असंच काहीतरी वाटलं."

फेर आमच्यासमोरून गेला. बिल्यानानं हात हलवला, त्यानंही हलवला. मग माझ्याकडे न पाहता, अगदी मायेनं, त्यानं विचारलं,

"तो बरा होता का?"